शेजारच्या मचाणावरची ओ

नयन डंभारे माझ्या लक्षात आला तो हजेरी घेताना. आठवीचा वर्ग होता. हजेरीच्या वेळी मी मान वर करत नसे. आवाजावरून मुलं ओळखतो याचा मला थोडा अभिमान होता. ‘राठोड उत्तमसिंग’ म्हटल्यावर मागच्या बाकावरून ‘हजर सर’ आलं. घोगरं, शेवटी नाकात गेलेलं, उत्तमसिंगचंच. मी खूण केली आणि पुढचं नाव वाचणार तेवढ्यात दारातून त्याच आवाजात कोणीतरी विचारलं, “आत येऊ का सर?” पाहतो तर उत्तमसिंग. चपला हातात, पाय पोटरीपर्यंत चिखलात बुडालेले.

वर्ग हसला नाही. सगळ्यांनी खाली पाहिलं. एका किडकिडीत मुलाचे कान मात्र लालबुंद झाले आणि मी काही विचारायच्या आत तो उभा राहिला. नाल्याला पाणी आलं होतं, उत्तमसिंग पलीकडे अडकला होता, दांडी लागली तर त्याचा बाप त्याला ढोरांमागे पाठवील, म्हणून मी बोललो, असं त्यानं एका दमात सांगितलं. सबब खरी होती. मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि आणखी कोणाकोणाचा आवाज येतो ते विचारलं. त्यानं मुख्याध्यापकांचा काढला, शिपायाचा काढला, आणि बराच आग्रह केल्यावर माझाही. वाक्य संपता संपता मी श्वास आत ओढतो हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या पत्नीला, रत्नप्रभाला, घरी जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, हे तर मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

डंभाऱ्यांचं गाव घाटंजीहून पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आत होतं. नाल्याच्या काठाने त्यांची काळी जमीन. वडील मारोतराव आणि धाकटे काका शेषराव यांची शेतं धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून. पलीकडे तांड्यावरच्या हिरासिंगचं वावर. हिरासिंग हा उत्तमसिंगचा बाप. कपाशीला बोंडं धरली की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, उतरायचे, म्हणून रात्री जागल करायची. प्रत्येकाच्या वावरात लाकडाचं मचाण, त्यावर घोंगडी, बॅटरी आणि वाजवायला पत्र्याचा डबा. अधूनमधून एकजण हाक घालणार आणि अंधारातल्या मचाणांवरून ओळीनं ओ येणार. ज्याची ओ आली नाही त्याच्याकडे शेजाऱ्यानं उतरून जायचं. साप चावला असेल, ताप चढला असेल, रानात काय सांगावं.

पण या रिवाजाला एक पळवाट होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. दिवसभर राबलेला माणूस मचाणावर झोपतोच. मग शेजारचा त्याच्या नावाची ओ देऊन मोकळा व्हायचा. नाहीतर दुसऱ्या दिवशी पारावर त्या झोपाळूची टिंगल होई. ही एकमेकांची सोय होती, माणुसकीही होती.

नयन बारावीत होता त्या साली शेषराव गेले. पाऊस लांबलेला, बोंडअळी पडलेली, जो तो फवारणीला लागलेला. शेषरावांनी दिवसभर पाठीवर पंप घेऊन औषध मारलं, संध्याकाळी डोकं जड झालं म्हणून भाकर अर्धी टाकली, आणि जागलीला गेले. सकाळी ते मचाणावर मेलेले सापडले. शेजारी औषधाची बाटली आडवी, झाकण सैल.

ती कशी वर्षं होती हे आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. शेतात माणूस मेला आणि जवळ बाटली असली की पुढचं कोणी विचारत नसे. तरी इथे विचारलं गेलं. फवारणीचं विष भिनून गेला असेल, असं एकदोघं म्हणाले. त्यावर हिरासिंगनं सांगितलं, मी रात्रभर हाका घालत होतो आणि शेषरावची ओ शेवटच्या हाकेपर्यंत आली. त्याच्याच आवाजात, चांगली स्पष्ट आली. इतरांनीही ती ऐकली होती. विष भिनलेला माणूस अशी ओ देत नाही. मग उरलं काय? पहाटेच्या सुमारास त्यांनी स्वतः बाटली तोंडाला लावली, असंच सगळ्यांनी धरलं, कागदावरही तेच आलं. त्यांची बायको भागीरथा हिनंही तेच धरलं. मी भेटायला गेलो तेव्हा ती रडत नव्हती. भिंतीला टेकून म्हणाली, “सांगून तं जाचं व्हतं, सर.”

नयन कोपऱ्यात बसला होता. मी त्याच्याशी बोललो, त्यानं मान हलवली. त्यानंतर त्यानं कोणाचा आवाज काढल्याचं मला आठवत नाही. स्वतःचाही तो जपूनच वापरी. पुढे पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, तिथेच नोकरीला लागला, आणि मी निवृत्त झाल्यावर एक-दोन वर्षांनी अचानक परत आला. शहर मानवलं नाही एवढंच त्यानं सांगितलं. घाटंजीत एका छापखान्यात तो लग्नपत्रिका आणि फलक संगणकावर जुळवायला लागला. मारोतरावांना हे मुळीच पसंत नव्हतं. मला रस्त्यात धरून म्हणाले, “इंजनेर करून आणला, अन् आता शुभविवाह लिहून राह्यला.”

एका रविवारी दुपारी नयन आमच्या घरी आला. पिशवीतून त्यानं जाड कागदाचा एक नकाशा काढला आणि आमच्या दिवाणखान्यातल्या सतरंजीवर पसरला. नाला, पांदण, धुरे, आणि शेताशेतात मचाणाची चार पायांची खूण. मग प्रत्येकासाठी एक बोटाएवढं लाकडी माणूस काढलं आणि फाशांसाठी चिंचोके, दोन फाकी केलेले. एक बाजू काळी, एक पांढरी. म्हणाला, “सर, मी एक खेळ करून राह्यलो. तुम्ही अन् बाई खेळून पाहाल का?”

असले खेळ त्याला पुण्यात वसतिगृहात भेटले होते. पट असला तरी तो नावाला. चार माणसं भोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर काय आलं ते सांगणारा सांगतो, आपण काय करतो ते आपण बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. जिंकणं-हरणं असं काही नसतं, गोष्ट कुठे जाते ते पाहायचं. तिथल्या मुलांच्या खेळात किल्ले होते, तलवारी होत्या, आग ओकणारे साप होते. “मजा ये,” नयन म्हणाला. “पण त्याइनं अंधार म्हटला की मले आपलं वावरच दिसे.” म्हणून त्यानं नोकरीच्या दिवसांतच स्वतःचा खेळ करायला घेतला. नाव ठेवलं ‘जागल’. त्यात तलवार नाही. बॅटरी आहे, तिचे सेल संपत जातात. डबा आहे. झोप आहे. आणि हाक आहे.

मी विचारलं, हा खेळ कोणासाठी करतोस? त्यानं नकाशाची घडी सारखी केली आणि म्हणाला, काकीसाठी. भागीरथाकाकीनं तो एकदा खेळावा एवढ्यासाठी. मग कोणी नाही खेळला तरी चालेल. ज्या बाईनं आयुष्यात पत्ते हातात धरले नाहीत तिनं हा खेळ का खेळावा, हे मी तेव्हा विचारलं नाही. मुलांना एकाच वेळी दोन प्रश्न विचारू नयेत.

त्या उन्हाळ्यात आमचा दिवाणखाना त्याची प्रयोगशाळा झाला. पहिल्यांदा त्यानं जे आणलं ते फार अवघड होतं. कोष्टकंच कोष्टकं. डुक्कर कुठून येणार याचं एक, वाऱ्याचं एक, झोपेचं एक. रत्नप्रभा प्राथमिक शाळेत शिकवायची, तिनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, “नयन, ही तर घटक चाचणी झाली रे.” पुढच्या रविवारी निम्मी कोष्टकं गेली होती. त्याच्या पुढच्या रविवारी गुणही गेले. कोणाचं किती पीक वाचलं याची मोजदाद ठेवली की आम्ही एकमेकांच्या शेतात डुकरं हाकलायला लागत होतो, हे त्यानं हेरलं. तो खेळताना आमच्याकडे पाहत नसे, आमच्या हातांकडे पाही. ज्या नियमापाशी हात अडे तो नियम दुसऱ्या खेपेला नसे. “जे आठवा लागते ते काढून टाकाचं,” असं तो म्हणे. खेळ लहान होत गेला आणि जसजसा लहान झाला तसतसा मला भीतीदायक वाटू लागला. भर दुपारी, खिडक्या उघड्या, बाहेर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, आणि सतरंजीवर मी माझ्या मचाणावर बसून पुढची हाक कधी येते याची वाट पाहतोय. हाक येई आणि मला बरं वाटे. मग ती बंद होई.

चौथा खेळाडू हवा होता. मीच हिरासिंगचं नाव काढलं. तो बाजाराला घाटंजीत यायचा, आमच्याकडे चहा घ्यायचा. नयननं नकाशावरच्या हिरासिंगच्या मचाणावर बोट ठेवलं आणि म्हणाला, बोलवा. हिरासिंगला खेळ समजायला दोन मिनिटं लागली, कारण त्याला नवीन काही समजून घ्यायचंच नव्हतं. तो नकाशाकडे पाहून म्हणाला, नाला उलटा काढला बाप्पा तुवा. नयननं तिथल्या तिथे नाला सुधारला.

खेळात एक नियम होता. चिंचोका काळा पडला की तुम्हाला झोप लागली, आणि झोपलेल्यानं ओ द्यायची नाही. दुसऱ्या कोणी त्याच्या वतीनंही द्यायची नाही. हाच नियम टिकेना. मला झोप लागली की रत्नप्रभा माझ्या नावाची ओ देऊन टाकी. नयन तिला थांबवी, ती हो म्हणे आणि पुन्हा देई. संसारात इतकी वर्षं हेच केलं, म्हणे, आता कुठे बदलू? हिरासिंग तर वैतागलाच. “असं कुठं असते का? बाजूचा झोपला तं आपण हौ म्हणतोच. तुह्या जागलीत सारे एकमेकाचे वैरी बसवले का?”

आम्ही हसलो. नयन हसला नाही. पुढची हाक त्यानंच घातली, कारण तो सांगणारा होता. हिरासिंगनं ओ दिली, रत्नप्रभानं दिली, मी दिली. आणि मग आणखी एक ओ आली.

ती मोठी नव्हती. शेवटाला किंचित वर चढणारी, जांभई देता देता दिलेली. पंखा बंद होता, वीज गेलेली होती, त्यामुळे सगळ्यांनी ऐकली. रत्नप्रभानं दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. हिरासिंगच्या हातातली बशी मात्र वाकडी झाली आणि चहा सतरंजीवर सांडला. तो म्हणाला, “हा तं शेषरावचा आवाज हाय.”

नयनच्या चेहऱ्यावर इतकं आश्चर्य होतं, जणू ती ओ आपण दिली हे त्याला स्वतःलाच आत्ता कळत होतं. त्यानं चिंचोके गोळा केले आणि खेळ थांबवला. हिरासिंग निघून गेला, पायरीवर त्यानं नाल ठोकलेल्या जोड्यात पाय घातले ते उलटसुलट.

मी नयनला पोचवायला छापखान्यापर्यंत चालत गेलो. वाटेत त्यानं सांगितलं. त्या रात्री वडिलांना बरं नव्हतं म्हणून मचाणावर तो होता. काकाचं मचाण शेजारी. पहिल्या दोन हाकांना काकानं ओ दिली. तिसरीला आली नाही. काका नेहमी झोपे. नयननं काकाच्या आवाजात ओ दिली. पुढच्या हाकेला पुन्हा दिली. सकाळपर्यंत तोच देत राहिला. मजाही वाटत होती त्याला, हिरासिंगला फसवण्याची. “मी उतरलो नाही, सर. उतराचं काम होतं. अन् सकाळी साऱ्याइनं म्हटलं की तो रातभर चांगला व्हता. मी काहीच म्हटलं नाही. काकी म्हणे का, तो मले टाकून गेला. मी तिथंच बसलो होतो.”

तर असं होतं ते. एका मुलाच्या ओ देण्यानं एक माणूस रात्रभर जिवंत राहिला होता, आणि म्हणूनच सकाळी त्याच्यावर स्वतःचा जीव घेतल्याचा आरोप आला. शेषरावांनी बाटली उघडली की फवारणीच्या विषानंच ते संपले, हे आता कोणालाच कळणार नव्हतं. पण भागीरथाला निदान नक्की माहीत नाही असं म्हणण्याचा हक्क होता. ती एकच गोष्ट खरी धरून जगत होती, आणि ती गोष्ट नयननं बनवलेली होती.

सरळ जाऊन सांग, असं मी म्हणालो. तो म्हणाला, अनेकदा गेलो. ओसरीत बसतो, ती चहा देते, माझ्या तोंडून आवाज निघत नाही. खेळात निघतो. तुम्ही ऐकलाच.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा नियम बदललेला होता. आता दुसऱ्याच्या नावाची ओ देता येत होती. पण ज्यानं दिली त्यानं त्या झोपलेल्याचा चिंचोका हलवून, न पाहता आपल्या मुठीत घ्यायचा, आणि खेळातली पहाट होईपर्यंत मूठ उघडायची नाही. डबा वाजवायचा तर दुसऱ्या हातानं, बॅटरी धरायची तर दुसऱ्या हातानं. पहाटे मूठ उघडायची. पांढरा निघाला तर माणूस जागा झाला. काळा निघाला तर नाही. मी एकदाच रत्नप्रभाच्या नावाची ओ दिली आणि तासभर मूठ आवळून बसलो. पहाट झाली तेव्हा बोटं सुटेनात. चिंचोका पांढरा होता. तरी त्या रात्री झोपण्याआधी मी तिला उगाच दोनदा हाक मारली, आणि तिनं उगाच दोनदा ओ दिली.

भागीरथाबाई आल्या पोळ्यानंतरच्या बाजाराला. नयननं बोलावलं असतं तर आल्या नसत्या; रत्नप्रभानं सांगावा धाडला. हिरासिंगही आला, येणार नाही असं म्हणत म्हणत. बाईंनी खुर्ची नाकारली, सतरंजीच्या कडेला मांडी घातली, आणि नकाशाकडे बराच वेळ पाहिलं. कोणी न सांगता त्यांनी आपल्या शेतावर बोट ठेवलं. “हे आपलं.” नयन हो म्हणाला. “लेकराइचा खेळ दिसते,” त्या म्हणाल्या. “काय कराचं असते यात?”

त्यानं सांगितलं. हाक, ओ, झोप, डुकरं. मुठीचा नियम सांगताना तो अडखळला, पण सांगितला. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “खाली उतरून पाह्यलं तं चालते का?”

नियमात उतरणं होतं, पण महागातलं होतं. उतरलं की तुमचं शेत उघडं पडे. नयन म्हणाला, चालते.

पहिली हाक पडली. सगळ्यांच्या ओ आल्या. तरी भागीरथाबाई म्हणाल्या, मी उतरून पाहते. नयननं सांगितलं की सगळे जागे आहेत, ओ आली ना काकी. त्या म्हणाल्या, ओ येते, मले माहीत हाय. त्यांनी आपलं लाकडी माणूस उचललं आणि हिरासिंगच्या मचाणापाशी नेऊन ठेवलं, मग रत्नप्रभाच्या, मग माझ्या. तोवर डुकरं त्यांच्या नाल्याकडच्या ओळींत शिरली होती. दुसरी हाक, तेच. तिसरी हाक, तेच. हिरासिंग न राहवून म्हणाला, “वहिनी, तुह्यं वावर सारं खाऊन राह्यले ना ते.” बाई त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या, “खाऊ दे.”

मग माझा चिंचोका काळा पडला. मी झोपलो. हाक पडली आणि सवयीनं रत्नप्रभाचं तोंड उघडलं. भागीरथाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “थांबा बाई. तुम्ही नका बोलू. आधी जाऊन पाहा लागते.”

त्यांच्या शेतात आता काहीच उरलं नव्हतं. नयननं पुढची हाक घालायला हवी होती. त्यानं घातली नाही. सतरंजीवर दोन्ही हात टेकून तो म्हणाला, “काकी, तिसऱ्या हाकेले काका नव्हता बोलला. मी बोललो होतो. त्याच्यानंतर साऱ्या हाकेले मीच.”

त्यांना लगेच कळलं नाही. मला वाटतं त्या अजून खेळातच होत्या. त्यांनी नकाशावरच्या नयनच्या मचाणाकडे पाहिलं, मग शेजारच्या. हिरासिंगनं डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला.

“तुले त्याचा आवाज येते,” त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

“येते.”

“दे.”

नयन माझ्याकडे पाहू लागला. त्यानं डोळे मिटले आणि ओ दिली. तीच, शेवटाला वर चढणारी. मी शेषरावांना दोन-तीनदाच भेटलो होतो, पण ते खोलीत आले असं मला वाटलं, आणि कोठे बसावं हे न कळून उभे राहिले असंही वाटलं. भागीरथाबाईंनी पदर तोंडावर धरला. त्याच्याआडूनच त्या बोलल्या.

“मी त्याले पितरात पान नाही वाढलं. एकाही वर्साले नाही. जो आपणहून गेला त्याले कायले बोलवू, म्हटलं. त्याचा फोटो मी पेटीत पालथा ठेवला. अन् तुले माहीत व्हतं.”

नयन म्हणाला, “हौ.”

“त्यानं बाटली उघडली का नाही?”

“माहीत नाही, काकी. कोणालेच माहीत नाही.”

“मी उतरली असती,” त्या म्हणाल्या. “ओ नसती आली तं हिरासिंगनं मले उठवलं असतं, मी आली असती वावरात.” मग उठल्या, बाजाराची पिशवी घेतली, रत्नप्रभाला जाते म्हणाल्या आणि गेल्या. नयनला काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी हलवलेलं लाकडी माणूस माझ्या मचाणाजवळ तसंच उभं होतं. ते उचलायचं धाडस नयनला झालं नाही, शेवटी रत्नप्रभानं उचललं.

त्या वर्षी पितृपक्षात डंभाऱ्यांच्या धाकट्या घरी स्वयंपाक झाला. हिरासिंगनं मला सांगितलं. वडे, कढी, भोपळ्याची भाजी, सगळं. कौलावर पान ठेवलं तेव्हा कावळा बराच वेळ आला नाही, आणि बाई उन्हात तशाच उभ्या राहिल्या. नयनला जेवायला बोलावलं नव्हतं. तो त्या दिवशी छापखान्यातच होता. मी सहज डोकावलो तर कोणाच्यातरी वास्तुशांतीची पत्रिका जुळवत होता आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा पुसत होता. मारोतरावांनाही तोवर सगळं कळलं होतं. त्यांनी मुलाला घराबाहेर काढलं नाही, पण त्याच्यासमोर ते शेषरावांचं नाव घेईनासे झाले.

खेळाचं पुढे काय झालं तेही सांगतो. नयननं तो त्याच छापखान्यात रात्रपाळीत, उरलेल्या कागदांवर थोड्या प्रतींत छापला. मुठीचा नियम ठेवला. उतरून पाहण्याची किंमत मात्र काढून टाकली. आता कोणीही, केव्हाही, ओ आलेली असली तरी खाली उतरू शकतो. पुस्तिकेच्या शेवटी लिहिलं आहे की हा नियम भागीरथाबाई डंभारे यांचा. पुण्याची, कोल्हापूरची मुलं तो टपालानं मागवतात. एका मुलीनं त्याला कळवलं होतं की खेळ संपल्यावर आम्ही चौघी एकमेकींना घरापर्यंत सोडायला गेलो, आणि शेवटच्या एकीला सोडायला कोण, म्हणून पुन्हा सगळ्या तिच्यासोबत निघालो. ते पत्र नयननं मला वाचून दाखवलं. वाचताना त्यानं त्या मुलीचा आवाज काढला नाही, स्वतःच्याच आवाजात वाचलं.

भागीरथाबाईंचं शेत इतकी वर्षं दुसऱ्याकडे मक्त्यानं होतं. पुढच्या पाडव्याला त्यांनी ते काढून घेतलं आणि हिरासिंगच्या हाती निरोप दिला की नयननं वाहावं. बी कोणतं, डवरणी कधी, वेचायला बाया किती, एवढंच त्या त्याच्याशी बोलतात; दुसरं काही बोलत नाहीत. नयन सकाळी छापखान्यात जायच्या आधी आणि रविवारी दिवसभर त्या शेतात असतो. यंदा त्यानं तिथे कपाशीत तूर पेरली आहे.